लॅपटॉप म्हावरं की होडी

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यातल्या दामाजीच्या घरी दोन लॅपटॉप मुक्कामाला आले होते आणि घरातली दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती. बंद म्हणजे थेट बंद. तसे तोंडाचे पट्टे दिवसभर चालूच, फक्त सगळं जयाच्या मार्फत.

"जया, तुझ्या बापाला सांग, चाय निवतेय."

"जया, तुझ्या आयेला सांग, निवू दे."

खोली ती केवढी! चहाचा कप दोघांच्या मधोमध, हात लांबवला तर दोघांच्याही हाताला लागेल एवढ्या अंतरावर. आणि जया बिचारी कपाकडे बघत उभी. हसावं तर दोघंही तुटून पडणार, रडावं तर कारण काय सांगायचं?

जया ही दामाजी आणि शेवंतीची एकुलती एक लेक. खोपटला एसटी डेपोसमोर एका डीटीपीच्या दुकानात ती लग्नपत्रिका जुळवायची. लग्न कुणाचंही असो, हळदीचं आमंत्रण, बारशाचं, चर्चच्या सणाचा कार्यक्रम, सगळं जयाच्या हातून जायचं. अक्षर असं बसवायची की पत्रिका आलेला माणूस आधी पत्रिकेचं कौतुक करायचा, मग नवऱ्यामुलाचं नाव वाचायचा. पण दुकानाच्या मालकानं नाशिकला बस्तान हलवायचं ठरवलं आणि जाता जाता म्हणाला, "जया, गिऱ्हाइकं तुझीच आहेत गं. घरी मशीन घे आणि सुरू कर."

घरी मशीन घे म्हणे! खाडीच्या काठावरचं घर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आलं की पाणी न विचारता उंबरठा ओलांडून आत येणार. अशा वेळी गाद्या, तांदळाचा डबा, देवांचे फोटो, झाडून सगळं माळ्यावर जातं. टेबलावरचा तो मोठा कॉम्प्युटर, त्याचा डबा, त्याचा टीव्ही, कोण कितीदा वर चढवणार? म्हणून लॅपटॉप. काखोटीला मारायचा आणि शिडी चढायची.

पैशाचा प्रश्न शेवंतीनं एका सकाळी सोडवून टाकला. हातातल्या पाटल्या उतरवल्या, सोनाराकडे गेली आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसली. दुपारी घरी येऊन म्हणाली, "सोनं हातात राहून काय अंडी घालतंय? घे जा तुझी मशीन." झालं. पुढे त्यावर चर्चा नाही. शेवंतीचा स्वभावच तसा, मोठी गोष्ट बारक्या आवाजात आणि बारकी गोष्ट बोंबलून.

घोळ झाला तो पुढे. एकाच किमतीत दोन लॅपटॉप समोर आले.

पहिला लिओनार्ड अंकलचा. चर्चच्या मागच्या गल्लीत राहणारा हा माणूस उभी उमेद बहारीनला काढून परत आलेला. येताना आपल्या साहेबाचा लॅपटॉप घेऊन आला. चार वर्षांपूर्वीचा, पण त्या काळात फक्त साहेबांनाच परवडेल असा. काळा, दणकट, झाकण उघडलं की पडदा असा लखलखायचा की खोलीतला बल्ब लाजेल. जड मात्र भलताच. बॅटरी दमलेली, आणि सीडी घालायची सोय नाही.

दुसरा डोंबिवलीच्या चांगदेवशेठच्या दुकानातला. कोरा करकरीत, कंपनीतला सगळ्यात साधा. हलका, सीडीचा खण असलेला, वर्षाची गॅरंटी. पण पडदा मरगळलेला. समोर बसलं तर दिसणार, जरा कललं की अक्षरं गुल. चांगदेवशेठ म्हणजे आपल्या कोळीवाड्याचा जावई, बायको इथली. जावयाला सासरवाडीला नाही म्हणता येतं होय? शेवंतीनं मागितला, त्यानं दिला. "मावशी, नारळी पुनवेला मी येतोच आहे जेवायला. ठेवायचा तर ठेवा, नाहीतर देऊन टाका." लिओनार्ड अंकलनंही तेच सांगितलं. म्हणजे नारळी पौर्णिमेच्या दुपारी दोघं पानावर बसणार आणि एकाला आपला लॅपटॉप घेऊन उठावं लागणार.

"नवा!" शेवंतीनं पहिल्याच दिवशी निकाल दिला. "त्याच्यात बघायचं काय? पापलेट केवढं पण मोठं असू दे, कालचं ते कालचं. ताजा बोंबील बरा. चार वर्षांची मशीन म्हणजे बर्फात ठेवलेला माल. वरनं चकचकीत, आतून मऊ."

"जुना!" दामाजी गरजला. "हा काय म्हावरा हाय? ही होडी हाय, होडी! सागाची होडी तीस वर्षं चालते. आणि आताची ती पातळ लाकडाची बघ, दोन पावसात तळ सुटतो. जाड फळीची वस्तू जुनी होत नाय, मुरते."

"मुरतं ते लोणचं."

"आणि तू मशीनला नाक लावून बघ, वास येतो का!"

तिनं खरंच नाक लावलं. लिओनार्ड अंकलच्या लॅपटॉपला तिनं कडेनं हुंगलं, अंगठ्यानं दाबून बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काय तरी हाय." अहो, काय तरी म्हणजे काय? बहारीनचं अत्तर होतं ते! पण सांगणार कोण?

त्या दिवसापासून अबोला. आणि कोळीवाड्यात अबोला लपून राहतो म्हणता? दुसऱ्या दिवशी बाजारातल्या बायका पाट्या उतरवून थेट घरात. एकीनं दोन्ही लॅपटॉप तळव्यांवर तोलले, दुसरीनं झाकण उचलून आत असं बघितलं जसं कल्ले लाल आहेत का बघतात. सगळ्यांचा कौल नव्याला. संध्याकाळी पुरुष आले. त्यांनी बोटाच्या पेरांनी दोन्हींवर टकटक केलं, कान लावला, माना डोलावल्या. सगळ्यांचा कौल जुन्याला. जाळी विणणारा दगडूमामा तर लॅपटॉप उलटा करून तळाकडे बघत किती वेळ बसला, आणि शेवटी म्हणाला, "याला डांबर लावलंय का?" जयानं पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडात कोंबली.

पण खरी पंचाईत जयाचीच. कारण जयाचं ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी ठरलेलं. लिओनार्ड अंकलच्या लॅपटॉपवर तिनं बोटं ठेवली, एक ओळ टाईप केली आणि तिच्या अंगावर शहारा आला. काय ती बटणं! बोट टेकावं आणि अक्षरानं ‘आलो’ म्हणून वर यावं. पडद्यावर वेलांटी अशी देखणी उमटली, अगदी केसासारखी रेघसुद्धा स्पष्ट. सीडी नसली तर नसली, तिचे फॉन्ट फ्लॉप्यांवर होते. आणि बॅटरी? वायर लावून चालवता येतं की. तिला तो जुनाच हवा होता. इतका हवा होता की स्वप्नात यायचा.

मग बोल ना बये! पण कशी बोलणार? पाटल्या कुणाच्या होत्या? आयेच्या. ज्या बाईनं मनगटं उघडी करून पैसे दिले, तिच्या तोंडावर "मला बाबांचा पसंत आहे" म्हणायचं? आणि नवा घ्यावा, तर बाबांचं काय? खाडीतलं म्हावरं आटल्यापासून दामाजी जेमतेम दहा शब्द बोलायचा दिवसाला. लॅपटॉप घरात आल्यापासून माणूस पेटून उठला होता. रोज सकाळी झाकण पुसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सागाच्या होडीची कथा सांगायचा. या घरात जयाला लॅपटॉप निवडायचा नव्हताच, आई की बाप ते निवडायचं होतं. आणि गंमत बघा, बाजारातल्या बायकांनी मत दिलं, दगडूमामानं दिलं, पण "जया, तुला कुठला गो?" असं विचारायचं एकालाही सुचलं नाही.

नारळी पौर्णिमा उजाडली. कोळीवाडा पहाटेपासूनच पिसाटलेला. होड्यांना रंग, पताका, बँडवाले सनईची पिपाणी फुंकून बघतायत, पोरी नऊवारीच्या निऱ्या सारख्या करतायत. आज खाडीला नारळ आणि होडीला पूजा. आणि कोळीवाड्यातला कायदा असा, की एकदा का होडीला हळदकुंकू लागलं आणि नारळ फुटला, की ती होडी घरची. मग तिच्यात खोट निघो, तळ गळो, विकणाऱ्याकडे परत न्यायची नाही. दामाजीच्या बापानं एकदा अशी गळकी होडी आयुष्यभर उपसत चालवली, पण परत केली नाही.

जया फुलं आणायला म्हणून बाजारात गेली आणि येताना तिनं मनाचा हिय्या केला. नवा सांगायचा. आयेच्या पाटल्या, आयेचा शब्द. बाबांना आपण नंतर समजावू, त्यांना होडीच्या गोष्टी सांगायला लावू, रोज ऐकू. वाटेत चारदा तिनं तोंडातल्या तोंडात घोकलं, "मला नवा. मला नवा." चौथ्यांदा म्हणताना डोळ्यांत पाणी आलं, तर फुलवाल्याला वाटलं भाव जास्त लावला. त्यानं गजरा फुकट दिला.

घरात पाऊल टाकलं आणि जया जागच्या जागी थबकली.

पाटावर लिओनार्ड अंकलचा लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, वर अबोलीचा हार, पुढे नारळाची दोन शकलं. आणि खिडकीतल्या फळीवर चांगदेवशेठचा लॅपटॉप. त्यालाही हळदीकुंकू. त्याच्याही पुढे फुटलेला नारळ. उदबत्तीचा धूर दोघांत वाटून घेतलेला.

तेवढ्यात मोरीतून शेवंती आली आणि मागच्या दारानं दामाजी. दोघांनी दोन्हीकडे बघितलं.

"हे कुणी केलं?" दोघं एकदम ओरडले. तीन दिवसांत पहिल्यांदा थेट!

"जुन्याला मी नारळ फोडला," शेवंती म्हणाली. "तुम्ही रंगाचा डबा आणायला गेलेले तेव्हा."

"तू? जुन्याला?" दामाजीनं आ वासला. "अगो, पण तू दूध आणायला गेलीस तेव्हा मी नव्याला फोडला!"

"नव्याला? तुमाला तर जुना पायजे होता!"

"आणि तुला नवा!"

"मग कशापायी फोडलात?"

दामाजी खाली बघत पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. "काल तू चाय ठेवलीस ना, तेव्हा हात बघितला तुझा. पाटल्यांच्या जागी नुसता गोरा पट्टा. मनाशी म्हटलं, जाऊ दे, तिचा नवा घेऊ. तिच्या हातातनं गेलंय, तिच्या मनासारखं तरी होऊ दे."

शेवंतीनं पदर कमरेला खोचला. तिला भरून आलं की ती भांडते, हे जयाला पाठ होतं. "एवढी अक्कल तीन दिवस आधी नाय आली? मी इथं म्हटलं, माणूस किती वर्षांनी एवढा बोलतोय, त्या मशीनीवर असा हात फिरवतोय जशी काय पहिली होडी. म्हटलं, ऱ्हाऊ दे जुना. आणि तुमी माझ्या माघारी माघार घेता? एक दिवस दम धरवत नव्हता?"

"तुला धरवत होता?"

"आता मी सांगते तोच ऱ्हाणार. जुना! जाड फळी हाय त्याची, तीस वर्षं चालेल."

"नाय नाय, नवा! म्हावरा ताजाच बरा, तूच बोललीस!"

"तो काय म्हावरा हाय? होडी हाय, होडी!"

"मुरतं ते लोणचं!"

आणि पुन्हा जुंपली! तेच शब्द, तोच आवाज, फक्त तोंडं बदललेली. जया मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, रडता रडता पुन्हा हसायला. फुलं सगळी मांडीवरून जमिनीवर.

"हिला काय झालं?" शेवंती घाबरली.

"काही नाही गं आये," जया डोळे पुसत म्हणाली, "थांब, नवा चालू करून दाखवते," आणि काहीतरी करायचं म्हणून तिनं नव्याचं बटण दाबलं. लॅपटॉप गुरगुरला. खर्र. खर्र. मग असा खरवडल्याचा आवाज यायला लागला, जसं कोणी आत बसून नारळ खवतंय. जयाचं हसू पळालं. "बाबा, याला काय केलंत?"

"काय नाय गो. नुसती पूजा."

"बाबा!"

"आता त्यानंच मागितलं तर मी काय करू?" दामाजी चिडला. "चालू करून कुंकू लावत होतो, कडेला बोट लागलं, तर टक् करून जीभ बाहेर काढली त्यानं. जुन्यानं कधी काढली नाय. म्हटलं, देवाला नैवेद्य दाखवतो, तसा याला पण पायजे असेल. खोबऱ्याची पातळ कातळी ठेवली आणि लोटली आत. घेतली गुमान, तशी बंद केला त्याला."

सीडीच्या खणात नैवेद्य! शेवंती भिंतीला टेकली आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली. जयानं लॅपटॉप बंद केला, आपल्या ओढणीची सेफ्टी पिन सरळ केली, खणाच्या बारक्या भोकात खुपसली. जीभ बाहेर आली. तिच्यावर खोबऱ्याची कातळी, साखरेच्या दोन कणांसकट, अगदी शाबूत. फुंकर मारून, कोरड्या फडक्यानं पुसून तिनं पुन्हा चालू केला. नुसतं मऊ गुरगुरणं. वाचला!

"प्रसाद," म्हणत दामाजीनं ती कातळी उचलून तोंडात टाकली.

आणि नेमके त्याच वेळी दारात दोघं. लिओनार्ड अंकल, इस्त्रीच्या शर्टात, हातात केकचा डबा. मागे चांगदेवशेठ, सासरवाडीला शोभेल अशी टोपी घालून. दोघांनी दोन पूजा बघितल्या आणि एकमेकांकडे बघितलं.

"माय गॉड," लिओनार्ड अंकल म्हणाला. तोही याच खाडीकाठचा, त्याला कायदा ठाऊक होता. "दोघांचा पन नारळ फुटला? आता परत कसा नेनार?"

बाहेर बँड सुरू झालेला. आणि मग दामाजीनं, तीन दिवस कुणालाच जे सुचलं नव्हतं, ते विचारलं.

"जया, तुला कनचा पायजे गो?"

जयानं आधी बाबांकडे बघितलं, मग आयेकडे. जुना म्हटलं तर तो बाबांचा पहिल्यापासूनचा आणि आयेचा आज सकाळचा. नवा म्हटलं तर आयेचा पहिल्यापासूनचा आणि बाबांचा आज सकाळचा. कुणाची बाजू घ्यायची म्हणून शिल्लकच नव्हती. राहिली होती ती एकटीच.

"जुना!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा ताशेवाला चुकला. "मला जुना पाहिजे! पहिल्या दिवसापासून जुनाच पाहिजे होता!"

"मग तोंड शिवलं होतंस काय?" शेवंती आणि दामाजी एका सुरात. आता एवढ्यावर काय बोलायचं? जयानं दोघांच्या गळ्यात हात टाकले, झालं.

"पण नारळ फुटलेली होडी परत जात नाय," दामाजीला एकदम आठवलं, नव्याकडे बघत तो खिन्न झाला. "माझ्या बापानं गळकी चालवली."

"परत कोण पाठवतंय?" शेवंती फणकारली. ती उठली, तांदूळ घेतले, सुपारी घेतली, नारळ घेतला, चोळीचा खण घेतला. नव्या लॅपटॉपवर खण पसरून त्यावर ओटी घातली, कुंकवाचं बोट पुन्हा एकदा टेकवलं. "घरची लेक समजून पाठवणी करतेय. चांगदेवा, चांगल्या घरी दे. आणि जीभ बाहेर काढली तर खायला नको देऊ."

चांगदेवशेठनं हसत हसत दोन्ही हात पुढे केले आणि ओटीसकट लॅपटॉप काखेत घेतला. "मावशी, आमच्या दुकानातनं आजवर इतक्या थाटात एकही मशीन निघालं नाही." लिओनार्ड अंकलनं केकचा डबा उघडला. आता खोबऱ्याच्या चार वाट्या घरात, त्यामुळे आमटीला आणि नारळीभाताला काही कमी नव्हतं.

जेवणं झाली. दामाजीनं होडीच्या रंगाचा उरलेला डबा आणि बारीक ब्रश आणला आणि जुन्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसला. होडी म्हटली की नाव पाहिजे, नावाशिवाय खाडीत जायचं नाही. "बोल जया. काय लिहू?"

जयाला विचार करावा लागलाच नाही. "पाटली," ती म्हणाली.

शेवंती ताटं उचलत होती, ती तशीच वाकलेली राहिली. मग ताटं खाली ठेवून, हात पदराला पुसून ती आली. दामाजीनं झाकणाच्या कोपऱ्यात लाल रंगानं नाव काढलं, ‘ली’ ला जरा जास्तच मोठी वेलांटी देऊन. रंग वाळायच्या आत शेवंतीनं लॅपटॉप दोन्ही तळव्यांवर घेतला, तशीच, उघड्या मनगटांनी, बाजारात मासळी तोलतात तसा तोलला.

"अगो बाय," ती म्हणाली, "माझ्या पाटल्या एवढ्या जड नव्हत्या गो." आणि तो तसाच छातीशी धरून बँडच्या तालावर नाचायला लागली.